हरिकेनचा हंगाम आणि तिकडची आपली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, टँपा बे भागात राहते. ऑगस्ट लागला की मला रोज मेसेज यायला लागतात. काही महाराष्ट्रातल्या आईवडिलांचे, काही न्यू जर्सीत बसून ह्यूस्टनच्या बहिणीसाठी झुरणाऱ्यांचे, काही माझ्यासारख्या इथेच घर केलेल्यांचे. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. तुमचा प्रश्न थेट शोधा. जिथे एक उत्तर दुसऱ्याला जोडलेलं आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच ना? आणि ही काळजी वर्षातून नेमकी कधी करायची?

हो, तेच. अटलांटिकमध्ये त्याला हरिकेन म्हणतात, पॅसिफिकच्या पश्चिमेला टायफून. वाऱ्याचा सततचा वेग ताशी ११९ किलोमीटरच्या (७४ मैल) वर गेला की हरिकेन, त्याखाली ६३ पर्यंत ट्रॉपिकल स्टॉर्म. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. मात्र खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो आणि त्याचं टोक १० सप्टेंबरच्या आसपास येतं. आपल्या हिशेबाने सांगायचं तर गणपती ते दसरा. जूनमध्येच झोप उडवून घेतली तर सप्टेंबरपर्यंत अंगात त्राण उरत नाही, हे मी पहिल्या वर्षी स्वतः अनुभवलं आहे.

मुलगा कॅलिफोर्निया किंवा शिकागोत असेल तर हे पान तुमच्यासाठी नाही. फ्लोरिडा, टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, दोन्ही कॅरोलिना आणि पोर्टो रिको इथे कोणी असेल तर पुढे वाचा. डोंगरात राहणाऱ्यांसाठी प्रश्न १२ आहे.

२. कॅटेगरी १ आहे म्हणतात. मग फार घाबरायला नको ना?

कॅटेगरी (१ ते ५) फक्त वाऱ्याचा वेग सांगते. पाऊस किती पडेल, समुद्र किती आत येईल, वादळ एका जागी किती वेळ रेंगाळेल, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. आणि हरिकेनमध्ये माणसं सगळ्यात जास्त दगावतात ती पाण्यामुळे.

८ जुलै २०२४ ला टेक्सासला धडकलेलं बेरिल कॅटेगरी १ चंच होतं. तरी ह्यूस्टन भागात २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि कित्येकांना भर जुलैच्या उकाड्यात दिवसेंदिवस तसंच राहावं लागलं. २०१७ चं हार्वी किनाऱ्यावर आलं तेव्हा कॅटेगरी ४ होतं, पण ह्यूस्टन बुडालं ते नंतर, वारा ओसरल्यावर. वादळ हलेचना. टेक्सासमधल्या नीदरलँड गावात एकूण ६० इंचांहून जास्त पाऊस मोजला गेला. म्हणून 'कितवी कॅटेगरी?' असं विचारू नका. 'तुझ्या घरापर्यंत पाणी येण्याचा इशारा आहे का?' असं विचारा.

३. बातम्यांत तो पांढरा शंकू दाखवतात, त्यात लेकीचं शहर आहे. आणि समजा नसलं, तर सुटलो का?

शंकू फक्त वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकतं ते दाखवतो. आधीच्या काही वर्षांत अंदाज किती चुकले त्यावरून त्याची रुंदी ठरते आणि साधारण तीनपैकी दोन वेळा केंद्र शंकूच्या आत राहतं. म्हणजे तिसऱ्या वेळी बाहेरही जातं. वादळाचा पसारा शंकूत दाखवलेलाच नसतो.

हे मला २०२४ मध्ये तेरा दिवसांत दोनदा कळलं. २६ सप्टेंबरच्या हेलीनचं केंद्र आमच्यापासून शंभर मैलांहून लांब, समुद्रातून वर गेलं आणि पेरी गावाजवळ धडकलं. आमच्याकडे वारा बेताचा होता. पण टँपा बेमध्ये गेल्या शंभर वर्षांतलं सगळ्यात मोठं उधाण (वादळाने किनाऱ्यावर ढकललेलं समुद्राचं पाणी) त्या रात्री आलं आणि किनाऱ्याजवळची घरंच्या घरं पाण्याखाली गेली. पुढे ९ ऑक्टोबरला मिल्टन थेट आमच्या दिशेने येत होतं. ते शेवटी थोडं दक्षिणेला, 'सिएस्टा की' या बेटावरून आत शिरलं. वारा उलट्या दिशेने वाहिल्यामुळे उपसागरातलं पाणी आत यायच्या ऐवजी मागे ओढलं गेलं. त्याच रात्री शेजारच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांच्या वर पाऊस झाला, आणि राज्याच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावर टॉर्नेडोंनी माणसं मारली.

तर लेकीचं शहर शंकूत आहे म्हणून रडू नका आणि नाही म्हणून टीव्ही बंद करू नका. तिच्या काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) कुठला इशारा लागला आहे ते पाहा.

४. वॉच आणि वॉर्निंग यांत काय फरक?

वॉच म्हणजे धोका संभवतो, वॉर्निंग म्हणजे धोका येतोय. हरिकेन वॉच साधारण ४८ तास आधी आणि वॉर्निंग ३६ तास आधी दिली जाते. हे तास वादळाचं केंद्र पोचायच्या आधीचे नसतात, जोराचे वारे सुरू व्हायच्या आधीचे असतात. कारण वारे सुरू झाल्यावर शिडीवर चढून खिडक्यांना शटर लावता येत नाहीत. २०१७ पासून उधाणासाठी 'स्टॉर्म सर्ज' वॉच आणि वॉर्निंग वेगळी मिळते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी मी तीच आधी बघते.

५. खरी माहिती कुठे मिळेल? आम्ही रात्रभर टीव्हीसमोर बसतो.

मायामीतल्या नॅशनल हरिकेन सेंटरकडे. त्यांचं पत्रक दर सहा तासांनी निघतं आणि भारतीय वेळेने ते सकाळी ८.३०, दुपारी २.३०, रात्री ८.३० आणि मध्यरात्रीनंतर २.३० ला येतं. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत घड्याळं मागे गेली तरी भारतातल्या या वेळा बदलत नाहीत. किनाऱ्याला इशारा लागलेला असेल तर मध्ये दर तीन तासांनीही एक छोटं पत्रक येतं.

दोन पत्रकांच्या मध्ये टीव्हीवर जे चालतं त्यात नवं फारसं नसतं. गुडघाभर पाण्यात उभा असलेला तोच वार्ताहर पुन्हा पुन्हा दिसतो. माझ्या आईला मी सकाळचं साडेआठचं आणि रात्रीचं साडेआठचं, अशी दोनच पत्रकं बघायला सांगितली. मधल्या वेळात तिने टीव्ही लावायचा नाही असं ठरलं आणि तिने ते पाळलं. दहा-बारा दिवस पुढचा नकाशा टाकून 'मायामी नष्ट होणार' म्हणणारे व्हिडिओ तर कुणीही, कुणालाही पाठवू नयेत. इतक्या लांबचं एकच चित्र सहा तासांनी पूर्ण बदललेलं असतं.

६. मुलाचं घर किती धोक्यात आहे हे आम्हाला इथून कसं कळणार?

वादळ नसताना, मे महिन्यात, त्याला चार गोष्टी विचारा आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा. इव्हॅक्युएशन झोन कुठला? घर कितव्या मजल्यावर? इमारत कुठल्या वर्षी बांधलेली? खिडक्यांना शटर किंवा आघात सोसणारी काच आहे का?

पहिल्या प्रश्नात फार गोंधळ होतो. फ्लोरिडात ए, बी, सी असे इव्हॅक्युएशन झोन असतात. ते उधाणावरून ठरतात आणि ए सगळ्यात आधी रिकामा करतात. विम्याच्या नकाशातला फ्लड झोन वेगळा, त्यात एई, व्हीई, एक्स अशी अक्षरं असतात. 'आम्ही एक्स झोनमध्ये आहोत, आम्हाला काही नाही' असं मला दर वर्षी कोणीतरी सांगतं, आणि ते घर इव्हॅक्युएशन झोन बीमध्ये निघतं. दोन्ही विचारा.

बांधकामाचं वर्ष यासाठी की १९९२ च्या अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड परिसर जमीनदोस्त केल्यावर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले. २००२ पासून सगळ्या राज्याला एकच संहिता लागू आहे. त्यानंतरचं घर वाऱ्याला बरंच टिकतं. पाण्यापुढे मात्र नव्या घराचाही इलाज चालत नाही. आणि घर मोबाइल होम प्रकारचं (तयार करून आणून ठेवलेलं हलकं घर) असेल तर झोन कुठलाही असो, बाहेर पडायचं.

७. बाहेर पडायचा आदेश आलाय आणि तो म्हणतो, 'काही होत नाही, आई.' काय करू?

ओरडून उपयोग होत नाही. मीही एकदा असंच म्हटलं होतं. तेव्हा आईने वाद घातला नाही. तिने विचारलं, 'गेलीस तर कुठे जाशील, आणि तिथे पोचायला किती वेळ लागेल?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. जायचं कुठे हे ठरलेलं नसतं, हॉटेल भरलेली असतात, मांजर असतं, दुसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग असते. त्यातली एक अडचण तुम्ही इथून सोडवू शकता. नात्यातल्या, ओळखीतल्या, मंडळातल्या कोणाचं तरी आतल्या भागातलं घर शोधून द्या, आणि 'ते वाट बघतायत' असं सांगा.

इथे एक म्हणणं आहे: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. दोनशे-तीनशे मैल गाडी हाकायची गरज बहुतेकदा नसते. झोनच्या बाहेर, वीस-तीस मैलांवरच्या पक्क्या घरात गेलं तरी पुरतं. २००५ मध्ये रिटा वादळाच्या वेळी ह्यूस्टनहून लाखो लोक एकदम निघाले, रस्ते तासन्‌तास तुंबले, आणि शंभराच्या आसपास माणसं त्या प्रवासातच गेली. म्हणून झोनमध्ये नसलेल्या, पक्क्या घरातल्या माणसाला 'निघ, निघ' करून रस्त्यावर काढू नका.

निघायचं तर आदेश आल्याबरोबर, दिवसा, टाकी भरून. वारे सुरू झाल्यावर निघू नये. पूल बंद होतात.

८. वादळाच्या रात्री फोन किती वेळा करावा?

करूच नये. हे वाचून वाईट वाटेल, पण या पानावरचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उत्तर हेच आहे.

वीज गेलेली असते. फोनची बॅटरी हाच दिवा, तोच रेडिओ आणि तोच इशाऱ्याचा भोंगा. टॉर्नेडोचा इशारा त्याच फोनवर वाजतो. नाशिकहून आई, पुण्याहून मावशी, ठाण्याहून काका असे एकेकाला उत्तर देत बसलं की रात्री दोनला फोन बंद पडतो. नेमकी तेव्हा त्याची गरज असते.

आमच्या घरात हे मे महिन्यातच ठरतं. एक, मेसेज मी करायचा, त्यांनी विचारायचं नाही. दोन, वेळा ठरलेल्या: वारे सुरू होताना, ते ओसरल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी. तीन, मेसेज फक्त माझ्या बहिणीला, बाकी सगळ्यांना ती कळवणार. चार, मेसेजात तीनच गोष्टी: कुठे आहोत, सगळे कसे आहेत, पाणी आत आलं का.

मिल्टन इथे रात्री साडेआठला आत शिरलं, तेव्हा नाशिकला सकाळचे सहा वाजले होते. माझा मेसेज गेला, 'घरी. तिघं ठीक. वीज गेली, पाणी नाही.' तो आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, १० ऑक्टोबरच्या चौकटीत, पेनाने लिहून काढला. का, म्हणून मी नंतर विचारलं. ती म्हणाली, 'फोनमधलं वर सरकून जातं गं. हे तिथेच राहतं. पोळ्या करताना मान वळवली की दिसायचं.'

तुम्हाला अगदीच राहवत नसेल तर मेसेज पाठवा, पण प्रश्न घालू नका. 'जेवलीस का?' याला उत्तर द्यावं लागतं. 'आम्ही जागे आहोत, उत्तर नको' याला द्यावं लागत नाही.

९. ठरलेली वेळ टळून गेली. फोन लागत नाही. किती थांबायचं आणि मग कोणाला विचारायचं?

पहिले २४ तास तरी मौनाचा अर्थ बहुधा एवढाच असतो की टॉवर बंद आहे किंवा बॅटरी संपली आहे. मोठ्या वादळानंतर असं दोन-तीन दिवस चालू शकतं. हेलीननंतर नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात कित्येक कुटुंबांना अनेक दिवस आपल्या माणसांचा पत्ता लागला नव्हता, आणि त्यातले बहुतेक सुखरूप होते, फक्त रस्ता आणि सिग्नल नव्हता.

थांबताना साधा एसएमएस पाठवा. कॉल आणि व्हॉट्सॲप चालत नाही तिथे तो अधूनमधून निसटून पोचतो. नव्या आयफोनांतून सिग्नल नसतानाही उपग्रहामार्फत मेसेज करता येतो. ती सोय कशी वापरायची हे मुलाला आधी बघून ठेवायला सांगा.

त्यानंतर शेजारी, अपार्टमेंटचं ऑफिस, कामाच्या ठिकाणचा माणूस. हे तीन नंबर तुमच्याकडे आधीपासून असायला हवेत. विद्यार्थी असेल तर विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय. त्याच्यापुढे काउंटी शेरीफचा (तिथल्या पोलीस प्रमुखाचा) बिगर-आणीबाणीचा नंबर. 'वेलफेअर चेक' हवा म्हणून सांगितलं की शक्य होईल तेव्हा ते घरी जाऊन बघतात. भारतातून ९११ फिरवून अमेरिकेतली मदत मिळत नाही, त्यामुळे शेरीफचा पूर्ण नंबर लिहून ठेवा. भारतीय वाणिज्य दूतावासालाही कळवता येतं. फ्लोरिडासाठी अटलांटा, टेक्सास आणि लुइझियानासाठी ह्यूस्टन.

१०. 'ओके' मेसेज आला. आता काळजी संपली ना?

थोडी. वादळ गेल्यानंतरच्या आठवड्यात बरीच माणसं जातात, आणि त्यातले पुष्कळ मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. २०१७ च्या मारिया वादळात पोर्टो रिकोतला अधिकृत आकडा सुरुवातीला ६४ होता. पुढे तो २,९७५ करावा लागला, कारण वीज, औषधं आणि उपचार नसल्यामुळे लोक महिनोन्‌महिने जात राहिले.

म्हणून 'ओके' आल्यावर फोन जरूर करा, आणि या गोष्टी विचारा. जनरेटर कुठे ठेवलाय? घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली ठेवला तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणूस जातो, त्या वायूला वासही नसतो. घरापासून निदान २० फूट लांब हवा. पुराच्या पाण्यातून चालत किंवा गाडी घालत तर नाहीये ना? त्यात पडलेली तार दिसत नाही. फ्रीजमधलं खातोय का? वीज गेल्यावर न उघडलेला फ्रीज चारच तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास. आम्ही फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवतो. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं की समजायचं, मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, टाकून द्या.

इलेक्ट्रिक गाडी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर ती घराला लागून उभी ठेवू नये. बॅटरी कित्येक दिवसांनीही पेट घेऊ शकते.

११. आमचे आईबाबा सध्या आमच्याकडे फ्लोरिडात आलेत. त्यांचं काय वेगळं बघायचं?

औषधं आणि उकाडा. भारतातून आणलेली औषधं इथे दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून परतीच्या तारखेच्या पुढचे किमान तीन आठवडे पुरतील एवढी असावीत, आणि बाटलीवरचं मूळ औषधाचं नाव कागदावर लिहिलेलं असावं. इथल्या डॉक्टरने लिहून दिलेली असतील तर फ्लोरिडात हरिकेन वॉर्निंग लागल्यावर मुदतीआधी ३० दिवसांची औषधं घेता येतात, तसा कायदाच आहे. इन्सुलिन असेल तर बर्फाची पेटी तयार ठेवा.

२०१७ च्या इर्मानंतर फ्लोरिडातल्या एका वृद्धांच्या केंद्रात एसी बंद पडून उकाड्याने १२ जण गेले. वारा थांबला, ऊन आलं, सगळ्यांना वाटलं संपलं, आणि मग ते घडलं. म्हाताऱ्या माणसाला 'मी ठीक आहे' म्हणायची सवय असते. त्यांच्या शब्दावर जाऊ नका, हात लावून बघा, पाणी प्यायला लावा. दोन दिवस वीज येणार नाही असं दिसलं तर वीज असलेल्या ठिकाणी हलवा. ऑक्सिजन किंवा विजेवरचं उपकरण लागत असेल तर काउंटीच्या 'स्पेशल नीड्स' निवाऱ्यासाठी नाव हंगामाआधीच नोंदवावं लागतं.

परतीची तारीख जवळ आणि विमानतळ बंद, असं झालं तर व्हिसाची नव्हे, आय-९४ (अमेरिकेत शिरताना झालेली, किती दिवस राहता येईल त्याची नोंद) वरची तारीख बघा. ती उलटण्याआधी मुदतवाढीचा अर्ज करता येतो. वादळामुळे उशीर झाल्यास कारण पुराव्यासकट मांडता येतं, तेव्हा रद्द झालेल्या विमानाचा ईमेल जपून ठेवा.

१२. ती समुद्रापासून तीनशे मैलांवर डोंगरात राहते. तिची तरी काळजी सोडू ना?

२०२४ च्या सप्टेंबरपर्यंत मीही हो म्हणाले असते. ॲशव्हिल हे नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातलं शहर, किनाऱ्यावरची माणसं वादळाला कंटाळून तिथे राहायला जायची. हेलीन तिथे पोचायच्या आधीच जोराचा पाऊस होऊन गेला होता, जमीन भिजलेली होती. त्यावर हे पाणी आलं. दऱ्यांमधल्या नद्या चढल्या, दरडी कोसळल्या, रस्ते वाहून गेले. शहराच्या नळाला पिण्यायोग्य पाणी यायला सात आठवड्यांहून जास्त काळ लागला.

तिला एवढंच विचारा: घर नदी-ओढ्याच्या काठाला आहे का, आणि बाहेर पडायला एकच रस्ता आहे का? दोन्हीला 'हो' असेल तर पुराच्या इशाऱ्याला ती किनाऱ्यावर असल्यासारखंच वागू दे.

१३. आम्ही सुट्टीवर भारतात आहोत आणि घर तिकडे रिकामं. काय करता येईल?

आता, वादळ तीन दिवसांवर असताना, फार नाही. शेजाऱ्याला सांगून अंगणातल्या खुर्च्या, कुंड्या, कचऱ्याचे डबे आत घ्यायला लावा. वाऱ्यात खिडक्या फोडतात त्या याच वस्तू. घराला येणारा पाण्याचा मुख्य नळ बंद करवा. खिडक्यांना चिकटपट्टी लावायला सांगू नका, तिचा काही उपयोग नाही.

पुढच्या वेळी निघण्याआधी फोन हातात घेऊन घरभर फिरा, प्रत्येक खोली, कपाट उघडून, टीव्हीमागचा नंबरसुद्धा, असा व्हिडिओ करून ठेवा. जून ते नोव्हेंबरमध्ये बाहेर जाणाऱ्याने शटर लावूनच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. महिनाभर घरात अंधार राहिला तर राहू दे.

१४. घराचा विमा आहे. पाणी शिरलं तर भरपाई मिळेलच ना?

बहुधा नाही, आणि हे लोकांना गाळ उपसताना कळतं. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. वाऱ्याने छप्पर उडून वरून पाणी आलं तर घराचा विमा, जमिनीवरून चढत आत आलं तर पुराचा विमा. पुराची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, बहुतेक लोक ती १९६८ पासून चालू असलेल्या सरकारी कार्यक्रमातून घेतात. त्यात घरासाठी अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख डॉलर ही कमाल मर्यादा आहे. सामानाचं संरक्षण वेगळं मागावं लागतं. भाड्याने राहणाऱ्यालाही सामानापुरता तो घेता येतो.

तो घेतल्यावर ३० दिवसांनी लागू होतो. म्हणजे समुद्रात वादळ दिसल्यावर घेऊन भागत नाही. अपवाद: नवं घर कर्जावर घेताना त्याच व्यवहारात घेतला तर ही वाट बघावी लागत नाही.

हरिकेनचं डिडक्टिबलही टक्क्यांत असतं. चार लाख डॉलरचा विमा आणि २ टक्के असेल तर पहिले ८,००० डॉलर तुमच्या खिशातून. हा आकडा पॉलिसीच्या पहिल्या पानावर असतो. आजच बघा. गाडी बुडाली तर मात्र 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' विमा भरपाई देतो.

१५. आम्ही एच-१बी वर आहोत. फेमाची (अमेरिकी सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेची) मदत मिळते का?

रोख मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांसारख्या काही ठरावीक गटांना मिळते. एच-१बी, एफ-१ किंवा व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला स्वतःच्या नावावर ती मिळत नाही. पण घरात १८ वर्षांखालचं, अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्याच्या वतीने आईवडील अर्ज करू शकतात. ही गोष्ट आपल्या कित्येक कुटुंबांना माहीतच नसते आणि मुदत निघून जाते. अर्ज करताना त्या वेळचा नियम तपासून घ्या. निवारा, पाणी, अन्न, सुटका यांसाठी कोणीही व्हिसा विचारत नाही. निवाऱ्यात जायला घाबरू नका.

पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा-अर्ज मंजुरीचं पत्र), मुलांचे जन्मदाखले, घराची कागदपत्रं एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा आणि फोटो भारतातल्या कोणाकडे तरी पाठवून ठेवा. पासपोर्ट भिजून खराब झाला तर नवा काढताना त्या फोटोमुळे काम सोपं होतं.

१६. तिकीट काढून जाऊ का तिकडे?

वादळाच्या आधी नाही, तुम्ही तिथे त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी व्हाल. वीज आणि नळाचं पाणी आल्यावर जरूर जा. तिसऱ्या आठवड्यात मदत करणारे पांगलेले असतात, भिंती फोडून वाळवायच्या असतात, विमावाल्यांचे फोन चालू असतात. तेव्हा घरात दोन वेळचा स्वयंपाक करणारं माणूस हवं असतं.

१७. मला झोपच लागत नाही. मी इथे सुरक्षित आणि ते तिथे, याची टोचणी लागते.

लागते. आईला लागते, मलाही उलट्या बाजूने लागते: २०२० मध्ये निसर्ग वादळ ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मी टँपात बसून श्रीवर्धनच्या मामांचा फोन लावत होते. उपाय म्हणून मला एकच गोष्ट लागू पडली, हाताला काम. शेजाऱ्यांचे नंबर काढणे, आतल्या भागातलं घर शोधणे, बहिणीच्या यादीत कोणाला कळवायचं राहिलं ते बघणे. आणि जागायचंच असेल तर एकट्याने जागू नये, दोघांनी पाळी लावावी. एकाने रात्री अडीचचं पत्रक बघायचं, दुसऱ्याने सकाळचं.

हंगाम संपल्यावरही वारा सुटला की छातीत धडधड होत असेल, किंवा पावसाच्या आवाजाने मूल रडत उठत असेल, तर डॉक्टरांशी बोला. मुलांना वादळाआधी खोटं 'काही होणार नाही' सांगू नये. 'वारा येईल, आवाज होईल, वीज जाईल, आपण बाथरूममध्ये एकत्र बसू, ही तुझी बॅटरी' इतकं खरं सांगितलेलं त्यांना पुरतं. वादळाचा डोळा वरून जाताना सगळं शांत होतं, तेव्हा वारा पुन्हा उलट्या दिशेने येणार आहे हेही त्यांना आणि मोठ्यांनाही आधीच सांगून ठेवावं. त्या शांततेत दार उघडून कोणी बाहेर जाऊ नये.

१८. ३० नोव्हेंबर उलटला. आता मे महिन्यापर्यंत विसरू ना?

वादळं तारीख पाळत नाहीत. २०२२ मध्ये निकोल १० नोव्हेंबरला, हंगाम संपत आलेला असताना, फ्लोरिडावर आलं. पण डिसेंबर ते एप्रिल सहसा शांत असतात, आणि कामं उरकायची तर तीच वेळ. पुराचा विमा डिसेंबरातच घ्या. घरावर झुकलेल्या फांद्या जानेवारीत कापून घ्या, जूनमध्ये माणूस मिळत नाही. मे मध्ये प्रश्न ६ ची वही काढा, नंबर फिरवून बघा. गेल्या वर्षी माझ्या यादीतले दोन शेजारी घर बदलून गेलेले निघाले.